वसीयत, वली आणि हज्र : खानदेशी कागदांच्या वाचनासंबंधीं कांहीं टीका

शेख निजाम बुऱ्हाणपूरकर हें नांव खानदेशच्या इतिहासाच्या अभ्यासकांच्या कानांवरून गेलेलें असतें. त्यांच्या देखरेखीखालीं सिद्ध झालेला ग्रंथ मात्र उघडून पाहणारे विरळा. औरंगजेबाच्या आज्ञेनें सतराव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत 'फतावा-इ-आलमगिरी' हा अरबी धर्मनिर्णयसंग्रह ज्या मंडळीनें रचला, तिचे प्रमुख हे शेख निजाम होत. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशांत मोडतें, परंतु तें फारुकी सुलतानांचें व पुढें मोंगलांच्या खानदेश सुभ्याचें मुख्य ठिकाण होतें. तेव्हां हिंदुस्थानांतील हनफी न्यायाचा हा थोर संग्रह एका खानदेशी पंडिताच्या नजरेखालून निघाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आणि तरीही याच खानदेशांतील जुने फारशी कागद वाचतांना आम्ही 'मुसलमानी कायदा' नांवाची एकच एक वस्तु गृहीत धरतों, व ती वस्तु बहुधा एखाद्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून उचललेली असते. या चालीवर टीका करणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय दोनच घेतले आहेत : मृत्युपत्र म्हणजे वसीयत, आणि माणसाच्या व्यवहारावर कायद्यानें घातलेली बंदी व तिच्याबरोबर येणारें पालकत्व.

या बंदीला अरबींत 'हज्र' म्हणतात. मूळ अर्थ अडविणें, रोखणें. येथें मोडी-फारशी वाचणारानें एक सावधगिरी ठेवावी. आमच्या दप्तरांतील 'हजर' हा शब्द 'हाजिर' याचें मराठी रूप आहे. हज्राशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. ज्याच्यावर हज्र झाला तो 'महजूर'. तो काजीपुढें हजर असला तरी त्याचें विकणें, देणें, कर्ज काढणें चालत नाहीं. अज्ञान मूल आणि वेडा हे महजूर, याविषयीं कोणत्याही मजहबाचा वाद नाहीं. वाद आहे तो सज्ञान, शुद्धीवर असलेल्या, पण पैसा पाण्यासारखा उधळणाऱ्या इसमाविषयीं. त्याला 'सफीह' म्हणतात.

इमाम अबू हनीफा म्हणतात कीं, अशा माणसावर काजीला हज्र घालतां येत नाहीं. कुराणाच्या निसा नामक सूरेंत अल्पबुद्धि लोकांच्या हातीं संपत्ति देऊं नका, व अनाथांची परीक्षा घेऊन ते पोक्त झालेले दिसल्यावर त्यांची मालमत्ता त्यांच्या स्वाधीन करा, अशी आज्ञा आहे. ती आज्ञा इमाम मोडीत नाहींत. परंतु तिची मर्यादा आखतात. तरुण वयांत आला आणि तरीही उधळ्या निघाला, तर त्याची मालमत्ता पंचवीस वर्षें वयापर्यंत अडकवून ठेवावी; पण मधल्या काळांत त्यानें केलेली विक्री वा करार रद्द ठरत नाहीं. पंचवीस पूर्ण होतांच, तो सुधारो वा न सुधारो, मालमत्ता त्याच्या हवालीं करावी. पंचवीसच कां? 'हिदाया'कार कारण देतो तें मौजेचें आहे : इतक्या वयांत मनुष्य आजोबा होऊं शकतो, आणि आजोबाला शिस्त लावण्याची आशा व्यर्थ! हिशेब मांडून पाहिला तर तो जुळतो. बाराव्या वर्षीं पुरुषत्व, मग मुलगा, त्या मुलाच्या बाराव्या वर्षीं नातू. परंतु या विनोदी हिशेबाआड इमामांचें खरें म्हणणें दडलेलें आहे व तें गंभीर आहे. सज्ञान माणसाचा शब्द कायद्यानें निरर्थक ठरविणें म्हणजे त्याचें माणूसपण काढून घेऊन त्याला जनावरांच्या पंक्तीस बसविणें होय. द्रव्यनाश हें नुकसान त्याहून लहान. मोठें नुकसान करून लहान टाळूं नये. अबू हनीफा कूफा शहरांत कापडाचा व्यापार करीत. दिलेला शब्द बाजारांत टिकला पाहिजे ही व्यापाऱ्याची दृष्टि त्यांच्या मतांत उतरली असावी, असें आम्हांस वाटतें.

मात्र तीन सज्ञान इसमांना तेही रोखूं देतात : अडाणी वैद्य, लोकांना पळवाटा शिकविणारा निर्लज्ज मुफ्ती, आणि भाडें आगाऊ घेऊन ज्याच्यापाशीं जनावरच नाहीं असा दिवाळखोर भाडोत्री. पहिला देह बिघडवितो, दुसरा धर्म, तिसरा प्रवाशाचा पैसा. कापसाच्या हंगामांत गाडीवानाला इसारा देऊन रस्त्यावर ताटकळलेल्या खानदेशी शेतकऱ्याला या तिसऱ्या अपवादाचें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, तिन्ही ठिकाणीं बंदी दुसऱ्यांच्या रक्षणासाठीं आहे; माणसाला स्वतःपासून वांचविण्यासाठीं नाहीं.

त्यांचे दोन पट्टशिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद गुरूचें हें मत मानीत नाहींत. त्यांच्या मतें सफीहाला हज्र लागू होतो. फरक इतकाच कीं, अबू यूसुफांना काजीचा हुकूम लागतो, मुहम्मदांच्या मतें उधळेपणा दिसला कीं बंदी आपोआप आली. पुढील हनफी पंडितांनीं फतवा शिष्यांच्या बाजूनें दिला. शाफिई मजहब याही पुढें जातो. त्याच्या मतें 'रुश्द' म्हणजे पोक्तपण हें केवळ पैशाच्या हिशेबांत नव्हे, तर धर्माचरणांतही दिसावें लागतें. मालिकी तर मुलीवरील बापाची सत्ता तिचें लग्न होऊन शहाणपण पटेपर्यंत चालू ठेवतात, व विवाहितेला पतीच्या संमतीवांचून तृतीयांशाहून अधिक दान करूं देत नाहींत. अबू हनीफांच्या मतें वयांत आलेल्या स्त्रीची मालमत्ता तिच्या एकटीच्या मुखत्यारीची. मालिकी मजहब आमच्या प्रांतांत रुजला नाहीं. म्हणून तो येथेंच सोडतों.

दोन्ही बाजू ज्या कथांवर विसंबतात त्या कथा एकच आहेत, हें विशेष. हब्बान नामक गृहस्थ डोक्याला झालेल्या जखमेमुळें खरेदीविक्रींत फसे. नातलगांनीं पैगंबरांना त्याच्यावर बंदी घालण्याची विनंती केली. पैगंबरांनीं बंदी घातली नाहीं. 'फसवणूक चालणार नाहीं' असें बोलून व्यवहार करावा व तीन दिवसांत परत फिरण्याचा हक्क राखावा, एवढें त्याला शिकविलें. अबू हनीफांचा पक्ष म्हणतो, पाहा, बंदी नाकारली. विरुद्ध पक्ष म्हणतो, विनंतीच गैर असती तर तसें स्पष्ट सांगितलें असतें. तसेंच अब्दुल्ला बिन जाफर यानें महागांत जमीन घेतली तेव्हां अलींनीं खलीफा उस्मानांकडे त्याच्यावर हज्र मागितला. इतक्यांत जुबैर हे त्या खरेदींत भागीदार झाले, आणि उस्मान म्हणाले कीं, जुबैरसारखा ज्याचा भागीदार त्याला मीं कसें रोखावें? शाफिई येथें हज्राला मान्यता पाहतात. तो घातला गेला नाहीं याकडे हनफी बोट दाखवितात. आम्हांस विचाराल तर दुसऱ्या कथेंत शाफिईंची बाजू बळकट आहे, कारण उस्मानांनीं भागीदाराचें कारण पुढें केलें, अधिकार नाहीं असें सांगितलें नाहीं. पहिल्या कथेंत मात्र अबू हनीफांचा अर्थ अधिक सरळ वाटतो.

आतां पुस्तकांकडे वळूं. इंग्रजी अंमलांत न्यायाधीशांच्या हातीं जी 'हिदाया' पडली ती चार्ल्स हॅमिल्टन यानें १७९१ त छापलेली. मूळ ग्रंथ ११९७ त वारलेल्या मरगीनानीचा, अरबी. वॉरन हेस्टिंग्सच्या सांगण्यावरून मौलवींनीं त्याचें फारशी भाषांतर केलें, आणि हॅमिल्टननें इंग्रजी केलें तें या फारशीवरून. दोन चाळण्यांतून आलेलें पीठ! पण भाषांतराच्या चुका हा लहान दोष. मोठा दोष वाचणाराचा आहे. 'हिदाया' हा वादग्रंथ आहे. गुरूचें मत, शिष्यांचें मत, शाफिईचें मत व प्रत्येकाचें कारण अशी त्याची मांडणी. कायद्याचें कलम शोधणाऱ्या नजरेनें त्यांतून निष्कर्ष तेवढा उचलला व वाद टाकून दिला. आणि शाफिई मताची हकीकतही प्रतिपक्षाच्या याच ग्रंथांतून घेतली गेली. ही शेवटची गोष्ट किती घातक आहे तें वसीयतीच्या दोन मुद्द्यांवरून दाखवितों.

वसीयत मालमत्तेच्या तृतीयांशापुरती, हें तत्त्व सर्वसंमत आहे. साद बिन अबी वक्कास आजारी असतां त्यांनीं अधिकाचें दान करूं पाहिलें, तेव्हां पैगंबरांनीं तिजाईवर थांबविलें व तिजाईही पुष्कळच म्हटली. पण अज्ञान मुलानें वसीयत केली तर? इमाम मालिकच्या 'मुवत्ता' ग्रंथांत घस्सान कुळांतील एका मुलाची कथा आहे. तो वयांत आलेला नव्हता, मदीनेंत मरणोन्मुख होता. वारस दूर शामदेशीं, जवळ फक्त चुलतबहीण. खलीफा उमर यांनीं त्याला तिच्या नांवें वसीयत करण्यास अनुमति दिली. त्यानें 'बीर जुशम' नांवाची मिळकत दिली व ती पुढें तीस हजार दिरहमांस विकली गेली. यावरून समज असलेल्या अज्ञानाची वसीयत मालिकी ग्राह्य धरतात. हंबली दहा वर्षांपासून. इस्नाअशरी शिया दहा वर्षांच्या मुलाची सत्कार्यापुरती. त्यामागील तर्क चांगला आहे. अज्ञानावरील बंदी त्याच्या हितासाठीं. जिवंतपणीं दिलेलें दान त्याला निर्धन करील, पण मेल्यावर लागू होणारें दान त्याचें काय वाईट करणार? उलट पुण्य जोडील.

हनफी ही वसीयत रद्द मानतात. वसीयत ही शेवटीं देणगीच, आणि देणगी देण्याची पात्रता मुलापाशीं नाहीं. उमरांच्या निर्णयाचें 'हिदाया'कार दोन प्रकारें निवारण करतो : तो मुलगा नुकताच वयांत आला असून त्याला लाक्षणिक अर्थानें 'मुलगा' म्हटलें असावें, किंवा वसीयत त्याच्या स्वतःच्या अंत्यविधीपुरतीच असावी. दुसरें निवारण 'मुवत्ता'च्या पाठापुढें टिकत नाहीं; तेथें मिळकत, तिचें नांव आणि विक्रीची रक्कमही दिलेली आहे. पहिलेंही ओढाताणीचें आहे. तत्त्व बळकट असतां पुरावा वाकवावा लागला, असा हा प्रसंग.

आतां मुद्दा असा कीं, 'हिदाया'त सत्कार्यासाठीं केलेली अज्ञानाची वसीयत चालते हें मत शाफिईच्या नांवावर घातलें आहे. परंतु शाफिईंचा प्रमाणग्रंथ जो नववीचा 'मिन्हाज', त्यांत अज्ञानाची वसीयत अग्राह्य असें साफ लिहून, ग्राह्य म्हणणारें मत केवळ एक दुर्बल पक्ष म्हणून नोंदलें आहे. दुसरा मुद्दाही तसाच. वसीयत तृतीयांशाबाहेर गेली व वारसांनीं संमति दिली, तर देणगी घेणारास मालकी कोणाकडून आली? हनफी म्हणतात, मयताकडून. शाफिईच्या मतें वारसाकडून, असें 'हिदाया' सांगते. म्हणजे ती वारसाची नवी देणगी ठरून तीस कबजा लागला असता. 'मिन्हाज'चा स्वीकृत पक्ष नेमका उलट आहे : संमति ही मयताच्या इच्छेची अंमलबजावणी, नवी देणगी नव्हे. कोंकणांतील मुसलमान बहुतेक शाफिई आहेत. त्यांच्या घराण्यांतील एखादा वसीयतनामा 'हिदाया'तील शाफिई मतावरून तपासणारा दोन्ही ठिकाणीं फसेल. 'मिन्हाज'चें इंग्रजी हॉवर्डचें, १९१४ चें, तेंही फ्रेंचावरून. म्हणजे येथेंही दुसरी चाळण आहेच, पण निदान धान्य त्याच शेतांतलें.

सफीहाच्या वसीयतीपाशीं मात्र हे भांडखोर पुन्हां एकत्र येतात. ज्याचें जिवंतपणींचें दान रद्द, त्याची तृतीयांशाच्या आंतील सत्कार्यार्थ वसीयत हनफी व शाफिई दोघेही चालवितात. बंदी त्याला दारिद्र्यापासून राखण्यासाठीं होती. मृताला दारिद्र्य कोठलें? हाच तर्क हनफींनीं अज्ञानाला कां लावला नाहीं, असा प्रश्न वाचकाच्या मनांत येईल. त्यांचें उत्तर असें कीं, सफीहापाशीं बोलण्याची पात्रता आहे, ती फक्त रोखलेली आहे; मुलापाशीं ती अद्याप आलेलीच नाहीं. उत्तर सुसंगत आहे, आणि अबू हनीफांच्या मूळ भूमिकेशीं, शिष्यांनीं ती सोडल्यावरही, त्याचें नातें तुटलेलें नाहीं.

संग्राहकांच्या दृष्टीनें सर्वांत उपयोगी भेद पालकाच्या क्रमांत आहे. अज्ञानाच्या मालमत्तेवर हनफी मतानें पहिला हक्क बापाचा, नंतर बापानें नेमलेल्या वसीचा म्हणजे मृत्युपत्री कारभाऱ्याचा, त्यानंतर आजोबाचा, मग आजोबाच्या वसीचा, शेवटीं काजीचा. शाफिईंत आजोबा वसीच्या आधीं. पात्र आजोबा हयात असतां बापाला मुलांवर वसी नेमतांच येत नाहीं. मालिकींत आजोबाला स्थानच नाहीं. इस्नाअशरींत बाप व आजोबा बरोबरीचे. तेव्हां आजोबा जिवंत असून अनाथ नातवाची जमीन भलताच इसम 'वसी' म्हणून विकतो आहे असा कागद हातीं आला, तर तो बनावट म्हणून बाजूला टाकण्याची घाई करूं नये. हनफी घराण्यांत तें अगदीं नियमाला धरून आहे. तोच कागद कल्याणच्या वा रत्नागिरीच्या शाफिई घराण्याचा असेल तर संशय रास्त. शाई, कागद, शिक्का यांच्या आधीं मजहब पाहावा, असें आमचें मत होत चाललें आहे.

आईचें नांव कोणत्याही सुन्नी क्रमांत स्वयंसिद्ध पालक म्हणून येत नाहीं. इस्तखरी नांवाच्या एका शाफिई पंडितानें आजोबानंतर तिला हक्क दिला, पण तें मत मागें पडलें. मात्र तिला वसी नेमतां येतें, व शाफिई तर पात्र आई इतरांहून बरी म्हणतात. म्हणून विधवेनें मुलाच्या वतीनें केलेल्या विक्रीपत्रांत तिच्या नांवापुढें 'वसी' हा शब्द आहे कीं नाहीं हें भिंगानें पाहावें. १९१८ त इमामबांदी विरुद्ध मुतसद्दी या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें, आई कायद्यानें पालक नसतां तिनें केलेली विक्री अज्ञानाला बांधत नाहीं, असा निकाल दिला. त्या एका शब्दावर घराणीं उभीं राहिलीं वा बसलीं.

चुलताही या क्रमांत नाहीं. लग्नाच्या बाबतींत तो वली होतो. मालमत्तेच्या बाबतींत काजीनें नेमल्याशिवाय नाहीं. फारुकी घराण्यांत १५७६ त मुहम्मदशहा दुसरा वारल्यावर त्याचा अज्ञान मुलगा हसनखान गादीवर बसविण्यांत आला, आणि लवकरच चुलता राजा अलीखान यानें राज्य घेतलें. तें शास्त्रार्थानें झालें नाहीं हें सांगावयास नको. पण चुलत्याला 'स्वाभाविक पालक' म्हणून त्या घटनेस कायद्याचा रंग देऊं नये, एवढ्यासाठीं हा उल्लेख.

त्याच घराण्याच्या मूळ पुरुषाविषयीं अशीच एक गफलत होण्यासारखी आहे. मलिक राजा इ. स. १३९९ मध्यें वारला; फारुकींच्या कबरी तापीकांठीं थाळनेरास आजही आहेत. फिरिश्त्याच्या कथनाप्रमाणें मृत्युसमयीं त्यानें थोरला पुत्र नसीर यास शेख जैनुद्दीन यांजकडून मिळालेलें शिष्यत्वाचें वस्त्र दिलें, आणि धाकटा इफ्तिखार यास थाळनेर दिलें. नसीर लळिंगास राहूं लागला; आशीरगड त्यानें कपटानें घेतला, आणि १४१७ त माळव्याच्या हुशंगशहाच्या साह्यानें थाळनेरही घेतलें. ही हकीकत इंग्रजींत आणली जॉन ब्रिग्ज यानें, आणि हा तोच ब्रिग्ज जो १८१८ नंतर खानदेशचा पोलिटिकल एजंट म्हणून धुळ्यास होता. नसीरनें बापाचें मृत्युपत्र मोडलें, असें म्हणण्याचा मोह येथें होतो. म्हणून शास्त्र लावून पाहूं. इफ्तिखार हा वारस. वारसाच्या नांवें वसीयत हनफी मतानें इतर वारसांच्या संमतीवांचून व्यर्थ. हयातींतलें बक्षीस म्हणावें, तर मरणाच्या आजारांतलें बक्षीस वसीयतीसारखेंच मोजलें जातें. बापाच्या शय्येपाशीं नसीरनें मान डोलावली असली तरी ती निरुपयोगी, कारण संमति मृत्यूनंतरचीच धरतात. उलट त्यानें अठरा वर्षें भावाचा भोग चालू दिला याला संमति म्हटलें, तर एकदां दिलेली संमति परत घेतां येत नाहीं, व १४१७ ची चढाई वचनभंग ठरते. पण हा सारा शास्त्रार्थ मुळांतच अस्थानीं आहे. राज्य हें तृतीयांश-दोनतृतीयांशांत मोजावयाचें मालमत्तापत्र फकीह मानीत नाहींत. मलिक राजानें काय केलें असावें? आमच्या समजुतीनें त्यानें वस्त्र आणि किल्ला निरनिराळ्या हातांत दिले : घराण्याची पुण्याई थोरल्याकडे, तापीवरचें ठाणें धाकट्याकडे. ती राजनीति होती, वसीयत नव्हे.

अलीकडील कायद्याविषयीं दोनच वाक्यें. १८७५ च्या सज्ञानता-कायद्यानें विवाह, मेहर व तलाक वगळून वयाची मर्यादा अठरावर आणली, म्हणून वसीयतीपुरता पंधरा कीं अठरा हा जुना वाद उरला नाहीं; १८९० च्या पालक-कायद्यानें काजीचें काम जिल्हा न्यायालयाकडे गेलें. १९३७ च्या शरीयत-कायद्याच्या दुसऱ्या कलमांत पालकत्व आहे पण वसीयत नाहीं. ती तिसऱ्या कलमांत, इच्छेनुसार लेखी कबुली देणारापुरती ठेवली आहे. या फटीमुळें वसीयतीच्या बाबतींत घराण्याच्या चालीचा पुरावा अजून किंमत राखून आहे, आणि आमच्या संग्राहकांच्या पेट्यांतील कागद केवळ शोभेचे राहत नाहींत.

राहिले बोहरी. बुऱ्हाणपुराशीं त्यांचा संबंध जुना आहे, व त्यांच्या पेढ्या खानदेशांत सर्वत्र. ते शिया, म्हणून त्यांचें मृत्युपत्र बेलीच्या १८६९ च्या शिया-कायद्याच्या ग्रंथावरून वाचावें, असा समज आढळतो. तो ग्रंथ इस्नाअशरी 'शराइ-उल्-इस्लाम'वर आधारलेला आहे, आणि इस्नाअशरी मतानें तृतीयांशाच्या आंत वारसालाही इतरांना न विचारतां वसीयत करतां येते. बोहरी इस्माइली, त्यांचें प्रमाण ९७४ त वारलेल्या काजी नुमानचें 'दआइम-उल्-इस्लाम'. वारसाच्या नांवें वसीयत चालत नाहीं या मुद्द्यावर 'दआइम' सुन्नींच्या बाजूला उभें आहे. माथेरानास जन्मलेले आसफ अली असगर फैजी यांनीं १९३३ त इस्माइली वसीयतीवरील प्रकरण मुळासह प्रसिद्ध केलें तेव्हां हा भेद इंग्रजी वाचकांपुढें आला. पुढें संपूर्ण 'दआइम'ही त्यांनींच संपादिलें, व त्यांची इस्माइली हस्तलिखितें मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहेत. बुऱ्हाणपूर, धुळें वा जळगांव येथील बोहरी कागद ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं ते बेलीच्या पुस्तकाशीं ताडून पाहिले असल्यास, एकवार 'दआइम'शीं ताडून पाहावे.